पाण्याचा आकडा फळ्यावर लिहा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
रायगड जिल्हा परिषद, अलिबाग.



माझं माहेर पेण तालुक्याच्या खारेपाटातलं, धरमतर खाडीच्या बाजूचं. सासर रोहा तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याची एक वाडी. या दोन गावांतल्या दोन चुलींपुढे माझं आयुष्य गेलं, आणि दोन्हीकडे एकाच गोष्टीची वाट बघण्यात कितीतरी तास गेले. तूरडाळ शिजण्याची.

माहेरच्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की मचूळ लागायचं. आई त्यात डाळ कधी घालत नसे. गावच्या गोड्या तळ्यातून आणलेला एक हंडा कोपऱ्यात झाकून ठेवलेला असे. तो डाळीचा आणि चहाचा. आम्ही मुलींनी त्याला हात लावायचा नाही. लग्न होऊन इकडे आले, तर बोरचं पाणी थंडगार आणि चवीला गोड. पहिल्याच दिवशी हौसेनं वरणाला डाळ लावली. तास उलटला, सरपण संपत आलं, तरी पातेल्यात डाळीचा दाणा न् दाणा वेगळा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपलं पाणी जड आहे. रात्री उकळून ठेवायचं आणि सकाळी वरचं वरचं घ्यायचं." दुसऱ्या दिवशी तसं केलं आणि डाळ लोण्यासारखी शिजली. सणाला माहेरी गेल्यावर मोठ्या तोऱ्यात आईला हा उपाय सांगितला. तिनं विहिरीचं पाणी उकळून पाहिलं. डाळ होती तशीच राहिली.

दोन्हीकडे तक्रार एकच: पाणी जड आहे. एकीकडे उपाय लागू पडतो, दुसरीकडे पडत नाही. असं का, हे कळायला मला कित्येक वर्षं लागली. ते कळलं तेही एका छोट्या पेटीमुळे, आणि ती पेटी आपल्याच यंत्रणेतून गावात आली. म्हणून हे पत्र आपल्याला.

जल जीवन मिशन 2019 च्या 15 ऑगस्टला जाहीर झालं. त्यात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. आमच्या वाडीतल्या पाचजणींत माझं नाव आलं. पेटीतली नळी खुणेपर्यंत भरायची, त्यात भुकटी टाकायची, पाण्याला लालसर जांभळा रंग चढतो. मग बाटलीतलं औषध एकेक थेंब सोडायचं आणि हलवत हलवत मोजायचं. थेंब पडत राहतात, रंग तसाच राहतो. आणि मग एका थेंबाला सगळी नळी निळी होते. थेंबांच्या संख्येवरून आकडा काढायचा. आमच्या बोरचा आकडा आला 340. म्हणजे एका लिटरमागे 340 मिलिग्रॅम दुष्फेनता. क्लोराइड मात्र अगदी थोडं. पुढच्या वैशाखात माहेरच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं. त्याची दुष्फेनता पाचशेच्या वर गेली आणि क्लोराइड नऊशेच्या घरात. त्या दिवशी आईचा झाकलेला हंडा मला नीट समजला.

'दुष्फेन' हा शाळेच्या पुस्तकातला शब्द मी मुद्दाम वापरते आहे. बोलण्यात आपण 'जड पाणी' म्हणतो, पण आपल्याच जिल्ह्यात थळला अणुभट्ट्यांसाठी जे जड पाणी तयार होतं ते निराळं. दुष्फेन म्हणजे ज्यात साबणाला फेस येत नाही ते पाणी. सह्याद्रीच्या काळ्या कातळातून पावसाचं पाणी झिरपतं तेव्हा मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ते किंचित आंबट झालेलं असतं. ते खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवत खाली उतरतं. आमच्या बोरमध्ये आहे ते हेच. हे क्षार बायकार्बोनेटच्या रूपात असतात. पाणी उकळलं की कॅल्शियमचा पांढरा चुना होऊन तळाशी बसतो आणि वरचं पाणी हलकं होतं. याला तात्पुरती दुष्फेनता म्हणतात. सासूबाईंना हे नाव ठाऊक नव्हतं, पण काम त्या अचूक करत होत्या.

खारेपाटाची गोष्ट वेगळी. तिथली जमीनच खाडीकडून मिळवलेली. बांध घालून भरतीचं पाणी अडवलं आणि खाजणात भात पिकवला. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी आत शिरतं, आणि जमिनीखालून त्याचं झिरपणं तर चालूच असतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं आणि त्याची दुष्फेनता सहा हजारांच्या वर असते. विहिरीच्या शंभर हंड्यांत समुद्राचे नुसते पाच हंडे मिसळले, तरी दुष्फेनता तीनशेनं वाढते आणि क्लोराइड साडेनऊशेपर्यंत जातं. हे क्षार क्लोराइड आणि सल्फेटच्या रूपातले. कितीही उकळा, खाली बसत नाहीत. उलट पाणी आटतं आणि क्षार दाट होतात. ही कायमची दुष्फेनता.

डाळीचं कोडंही यातच सुटतं. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतं ते पेक्टिन. पाण्यातलं कॅल्शियम त्याला जाऊन चिकटतं आणि पकड घट्ट करतं. मग दाणा फुटत नाही. साबणाचंही तसंच. साबण आधी कॅल्शियमशी लागतो, त्याचा चिकट पांढरा साका होतो, आणि सगळं कॅल्शियम संपल्याशिवाय फेस येत नाही. मी हिशेब मांडून पाहिला. तीनशे दुष्फेनतेच्या वीस लिटरच्या एका बादलीत, फेसाचा पहिला बुडबुडा येण्याआधी साधारण 37 ग्रॅम साबण फुकट जातो. रोज दोन बादल्या धुणं असलं तर महिन्याचं किती होतं, हे घर चालवणाऱ्या कुणालाही कळेल. कपड्यांवरचा राखाडी थर, डोक्यावरून हात फिरवला की राठ लागणारे केस, बाथरूमच्या फरशीवरचे पांढरे ओघळ, हा सगळा तोच साका.

आता या पत्रामागचं खरं कारण सांगते.

गेल्या वर्षी वाडीत एक विक्रेता आला. ओसरीवर त्यानं दोन ग्लास ठेवले. एकात आमच्या बोरचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्रातलं. दोन सळ्यांचं एक उपकरण विजेला लावून त्यानं दोन्ही ग्लासांत बुडवलं. मिनिटभरात बोरचं पाणी तांबडं-काळं झालं, वर गाळाचा थर तरंगू लागला. यंत्राचं पाणी स्वच्छ राहिलं. "हे तुम्ही पोरांना पाजता?" त्यानं विचारलं. शेजारच्या जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. घरात नातू तीन वर्षांचा. त्यांनी भिशीचे पैसे काढून त्याच दिवशी यंत्राची आगाऊ रक्कम दिली.

मी त्याला म्हटलं, तुमच्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा सळ्या बुडवा. त्यानं आढेवेढे घेतले, पण ओसरी भरलेली होती. मीठ पडलं, सळ्या बुडल्या, आणि तो ग्लासही तसाच तांबडा झाला. गाळ सळईच्याच लोखंडाचा होता. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं. क्षार नसले की वीज वाहत नाही आणि पाणी स्वच्छ दिसतं. पाण्यात घाण आहे की नाही, हे त्यातून मुळीच कळत नाही. जाऊबाईंची आगाऊ रक्कम मात्र परत आली नाही.

ते यंत्र आरओचं. ज्या पाण्यात क्षार खरोखरच फार आहेत तिथं आरओ उपयोगाचा आहे, हे मी मानते. पण घरगुती यंत्रात एक हंडा शुद्ध पाण्यामागे दोन-तीन हंडे गटारात जातात. वैशाखात जिथं बोर अर्ध्या तासानं दम टाकतो तिथं हे पाप परवडणारं नाही. विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असतील तिथं आरओ नको, असं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2019 मध्येच सांगितलं. पण आपल्या पाण्यात क्षार किती, हेच ठाऊक नसेल तर बाई विक्रेत्याला नाही कशी म्हणणार?

खारेपाटात वेगळी फसगत होते. माझ्या माहेरच्या एका घरानं सॉफ्टनर बसवला. सॉफ्टनरच्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुऊन पुन्हा कामाला लावायचे. यानं साबणाला फेस येतो, गीझर वाचतो. पण पाण्यातला खारेपणा तिळभर कमी होत नाही. हजारो रुपये घालून त्या घरात चहा अजून मचूळच आहे. शिवाय शंभर दुष्फेनता काढली की लिटरमागे 46 मिलिग्रॅम सोडियम वाढतं. घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल तर स्वयंपाकाचा आणि पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढायला हवा. हे त्या घराला कुणीच सांगितलं नव्हतं. मिठागरातलं जाडं मीठ त्यात घालू नये, कारण त्यात माती आणि थोडं मॅग्नेशियम येतं, हेही सांगितलं नव्हतं. पाइपला बांधायचे चुंबक विकायलाही माणसं येतात. चुंबकानं पाण्यातलं कॅल्शियम बाहेर जात नाही. पेटीतला आकडा आधी आणि नंतर तोच येतो.

भीतीचा बाजार चालतो तो आकडा झाकलेला असतो म्हणून. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्याची दुष्फेनता 200 पर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेता येते. क्लोराइडला हीच मर्यादा 250 आणि 1000. जागतिक आरोग्य संघटनेनं दुष्फेनतेला आरोग्याच्या कारणासाठी वेगळी मर्यादा घातलेली नाही. आमच्या 340 च्या पाण्यानं मुतखडा होतो, असं वाडीतला प्रत्येकजण सांगतो. मुतखड्याचं मोठं कारण पाणी कमी पिणं हे आहे, आणि ते कारण शेतात उन्हातान्हात राबणाऱ्या बायकांच्या बाबतीत फार खरं आहे. पाणी जड म्हणून पाणीच कमी पिणारी बाई मी पाहिली आहे. तिला तिच्या विहिरीचा आकडा आणि त्याचा अर्थ कुणीतरी सांगायला हवा होता.

आकडा कळला की बरंचसं काम घरातच होतं. आमच्या वाडीत आम्ही काय करतो ते लिहिते, म्हणजे आपल्याला अंदाज येईल. डाळीचं आणि चहाचं पाणी दहा मिनिटं खळखळ उकळून, निवू देऊन, वरचं फडक्यातून गाळून घेतो. धुण्याच्या वीस लिटरच्या बादलीत आधी एक भरलेला चहाचा चमचा धुण्याचा सोडा विरघळवतो, दहा मिनिटं थांबतो आणि मग साबण घालतो. साबण निम्म्यावर आला आहे. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना मात्र सोडा लावत नाही. गीझर 55 अंशांच्या वर नेत नाही, कारण पाणी जितकं तापेल तितका चुना जास्त बसतो, आणि चुन्याचा थर चढलेली कॉइल तेवढंच पाणी तापवायला जास्त वीज खाते. हीटरच्या सळईवरचा आणि चहाच्या पातेल्यातला थर आमसुलाच्या किंवा चिंचेच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवला की सकाळी हातानं निघतो. दुकानातल्या ॲसिडला आम्ही हात लावत नाही. पाण्यात टाकायची टीसीएल पावडर घरोघर असते. ती आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

खारेपाटाला यातलं फारसं लागू पडत नाही. तिथं पाणी बदलणं हाच उपाय, आणि तो उपाय दरवर्षी आभाळातून येतो. आपल्या जिल्ह्यात साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. 500 चौरस फुटांच्या कौलारू छपरावरून, पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं, तरी वर्षाला लाखभर लिटरहून जास्त पाणी पागोळ्यांनी अंगणात पडतं. पाच माणसांच्या घराला पिण्या-रांधण्यासाठी माणशी आठ लिटर धरले, तर कोरड्या आठ महिन्यांना साडेनऊ-दहा हजार लिटर पुरतात. म्हणजे दहा हजार लिटरची एक झाकणाची टाकी, पन्हाळी आणि पहिल्या पावसाचं पाणी बाजूला सोडायची सोय. असं सुफेन, म्हणजे साबणाला सहज फेस येणारं, पाणी कुठल्याही यंत्राशिवाय मिळतं. आई पावसाळ्यात पागोळीखाली हंडे मांडायची. त्या पाण्यात डाळ घाटावरच्या डाळीसारखी शिजते, असं म्हणायची. तिला फक्त साठवायला जागा नव्हती.

खारेपाटातल्या वाशी, वढाव, शिर्की, काळेश्री या बाजूच्या गावांनी गोड्या पाण्यासाठी किती वर्षं मोर्चे काढले, हे आपल्याला मी सांगायला नको. हेटवण्याचं धरण पेण तालुक्यातच आहे आणि त्याचं पाणी नवी मुंबईपर्यंत जातं. रोह्याच्या बाजूला मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून उतरून कुंडलिकेत येतं आणि डोलवहाळच्या बंधाऱ्याला अडतं. डोंगरावरचं, पावसाचं, हलकं पाणी आपल्या दारावरून वाहतं. नळयोजना पुऱ्या होतील आणि ते पाणी प्रत्येक घरात येईल, याची आम्ही वाट पाहतो आहोत. पण नळ आल्यावरही बोर आणि विहिरी सुटत नाहीत. वीज गेली, पंप बिघडला, पाइप फुटला की हंडा तिथंच जातो. म्हणून आकड्याची गरज नळानंतरही राहणार.

आता मागणं. ते तीनच गोष्टींचं आहे.

पहिलं. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, गावातल्या प्रत्येक विहिरीचा, बोरचा आणि नळयोजनेचा आकडा लिहिला जावा: स्रोताचं नाव, तपासणीची तारीख, दुष्फेनता, क्लोराइड, एकूण विद्राव्य क्षार. ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं, लाल कार्ड मिळतं ते पाणी दूषित होण्याचा धोका किती, हे सांगण्यासाठी. ते हवंच. पण हिरव्या कार्डाच्या गावातही पाणी दुष्फेन किंवा खारं असू शकतं, आणि ते कार्डावर दिसत नाही. पेटीतून निघालेला आकडा संगणकावर चढतो, तसा तो फळ्यावरही उतरावा.

दुसरं. आकड्याशेजारी एका ओळीत सल्ला असावा. दुष्फेनता 200 च्या आत आणि क्लोराइड 250 च्या आत: दुष्फेनतेसाठी कसलंच यंत्र घेऊ नका. दुष्फेनता जास्त, क्लोराइड कमी: डाळीला पाणी उकळून घ्या, धुण्याला सोडा वापरा, नळाचं पाणी असेल तर त्यात मिसळा. 340 चं बोरचं आणि 60 चं नळाचं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की 200 होतं, आणि हे गावच्या जलकुंभातच करता येतं. क्लोराइड 250 च्या वर: उकळून किंवा सॉफ्टनर लावून खारेपणा जाणार नाही, पिण्या-रांधण्याला गोडं पाणी वेगळं ठेवा. हा आकडा वर्षातून दोनदा, वैशाखात आणि पावसाळ्यानंतर, नव्यानं लिहावा. खारेपाटातली विहीर भाद्रपदात गोडी आणि वैशाखात खारी होते. एकदाच लिहिलेला आकडा तिथं फसवेल.

तिसरं. खारेपाटातल्या ज्या गावांचं क्लोराइड वैशाखात मर्यादेबाहेर जातं, तिथल्या घरांसाठी छपरावरच्या पावसाच्या टाकीचा एक साधा नमुना-आराखडा आणि अंदाजपत्रक जिल्हा परिषदेनं तयार करावं. गावातल्या गवंड्याला ते वाचता आलं पाहिजे. शाळा आणि अंगणवाड्यांपासून सुरुवात व्हावी. तिथं छप्पर मोठं असतं, आणि खिचडीही तिथंच शिजते.

या तिन्हींतल्या पहिल्या दोन गोष्टींना वेगळा निधी लागत नाही. माझ्या आईला तिच्या विहिरीचा आकडा आयुष्यभर कुणी सांगितला नाही. तिनं तो जिभेनं ओळखला आणि एक हंडा झाकून ठेवून घर चालवलं. आज गावागावांत पाचजणींना थेंब मोजता येतात. आम्ही आकडा काढायला तयार आहोत आणि फळ्यावर लिहायलाही. आमच्या वाडीचा फळा पंचायतीच्या दारातच आहे. त्यावर हा आकडा लिहायचाच, असा एका पानाचा आदेश आपल्या सहीनं निघावा. या पावसाच्या आधी निघाला तर वैशाखातला आकडा यंदाच लिहिता येईल.

आपली नम्र,
पाणी तपासणाऱ्या पाचजणींपैकी एक,
माहेर तालुका पेण, सासर तालुका रोहा